दिगंबरच्या पानावर

गणपती बोळवले की आमच्या भागातल्या दुपारी एकदम रिकाम्या होतात. कालपर्यंत ढोलताशे आणि आज भर बाराला रस्त्यावर नुसतं ऊन. भादव्याचं हे ऊन धड पावसाळ्याचं नाही, धड उन्हाळ्याचंही नाही. ओल्या जमिनीतून वाफ वर येते, अंगाला चिकटते आणि सावलीला उभं राहिलं तरी मागं कुणीतरी उभं आहे असं वाटत राहतं. पितृपक्षात कुणी सोयरीक बोलत नाही, नवं दुकान उघडत नाही, खरेदीखत करत नाही. भांडायला मात्र मुहूर्त लागत नाही, त्यामुळं कोर्टं चालू असतात. मी आयुष्यभर कोर्टात कारकुनी केली, म्हणून हे ठाऊक.

आता सेवानिवृत्त होऊन जालन्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो. समोरच्या गच्चीवर शेजारच्या वहिनींनी आज दुपारी पान ठेवलं आणि कावळा येईना. कठड्याला धरून त्या म्हणत होत्या, "या हो मामंजी, या ना. ऊन होऊन राह्यलं." बोलावणं इतकं घरगुती होतं की मी खिडकीपासून दोन पावलं मागं सरलो. आज दशमी. आजच्या दिवशी भाताच्या मुदीवर तूप पडलेलं पाहिलं की माझ्या जिभेखाली पाणी सुटतं, आणि ते भुकेचं नसतं.

लोक विचारतात, दारू सुटली कशी? त्यांना शपथ हवी असते, गळ्यात माळ हवी असते, नाहीतर दर्ग्यातला गंडा. मी सांगतो, एका कंडक्टरनं मला माझ्या थांब्यावर उतरू दिलं नाही. त्यांना ती थट्टा वाटते. खरं तेवढंच आहे. बाकीचं सांगण्यासारखं नाही, कारण ते सांगताना माझाच आवाज मला परका वाटू लागतो. चौदा वर्षं झाली, आज लिहून पाहतो.

दिगंबर शेतकरी माणूस. अंबडहून जांब समर्थाकडं जाणाऱ्या रस्त्याला आत त्याची वस्ती आणि मोसंबीची बाग. चुलतभावाशी वाटणीचा दावा होता, म्हणून तारखेला अंबडला यायचा. मी तेव्हा तिथं होतो. तारीख संपली की आम्ही दोघं बसायचो. दावा अकरा वर्षं चालला आणि बसणं त्याहून नेमानं चाललं. आम्ही एका वयाचे, एका उंचीचे. त्याचा सदरा मला बरोबर यायचा. मागून पाहून लोकांनी मला त्याच्या नावानं कितीदा तरी हाक मारली असेल. मग तो पिवळा पडला. जालन्याच्या दवाखान्यात महिनाभर होता. डॉक्टरांनी थेंबही नको म्हणून बजावलेलं, आणि मी भेटायला जाताना औषधाच्या बाटलीत घालून न्यायचो. त्याला तडफडताना बघवत नव्हतं, असं मी स्वतःला सांगायचो. चैत्रातल्या दशमीला तो गेला. मी पाजली नसती तर तो जगला असता असं डॉक्टरही म्हणाले नाहीत. पण मी पाजली.

कोर्टात पक्षकार मेला तरी दावा मरत नाही. नावापुढं 'मयत' लिहायचं आणि वारस चढवायचा. पुकारा जुन्याच नावानं होतो. शिपाई दारात उभा राहून मेलेल्या माणसाला हाक मारतो आणि कुणीतरी जिवंत माणूस 'आलो' म्हणत आत येतो. पहिली काही वर्षं मला ते विचित्र वाटायचं, नंतर काहीच वाटेनासं झालं. दिगंबरच्या नावापुढं मीच मयत लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं, हे आठवतं.

त्याच्या जाण्यानं शहाणं व्हावं की नाही? मी दुप्पट प्यायला लागलो, त्याच्या वाटचीही माझ्यावर पडल्यासारखी. पोळ्याच्या करीला इतकी झाली की सातवीतल्या माझ्या पोरीनं मला ओसरीवरून ओढत आत नेलं. दुसऱ्या दिवशी बायको, कुसुम, शांतपणे म्हणाली, "दसऱ्यापर्यंत पाहते. न्हाई जमलं तर पोरीला घेऊन परभणीला माहेरी जाते. परत येणार न्हाई." ती कधी धमकी देत नसे. मी तीन दिवस घरात काढले. हात थरथरायचे, भिंतीवरून मुंग्यांची रांग चाललेली दिसायची आणि पोरगी म्हणायची, "बाबा, भिंत कोरी आहे." रविवारी उठलो आणि जालन्याची गाडी धरली. जालन्याच्या अलीकडं एक नाका होता, तिथं उतरलं की समोरच दारूचं दुकान. ओळखीचं कुणी भेटत नसे.

नाका आला. मी उठलो. कंडक्टर दारात आडवा हात धरून उभा राहिला.

"सायेब, आज इथं न्हाई उतरायचं."

"का बरं?"

"सहा महिन्यांपासून पाहून राह्यलो तुम्हाला. उतरता तवा हात कापतेत, अन् परतीला डोळे वर व्हत न्हाईत. मी बी इथंच उतरत होतो. बसा, बिलकुल शेवटपर्यंत बसा."

त्यानं घंटीची दोरी ओढली, गाडी निघाली आणि मी बसलो. का बसलो ते मला सांगता येत नाही. अंगात भांडायची ताकद नव्हती, एवढंच. त्याचं नाव शेषराव. आगारात हिशेब देऊन आला आणि मला गल्लीबोळांतून एका शाळेच्या मागच्या अंगाला घेऊन गेला. चपला काढा म्हणाला आणि हातपाय धुवायला नळावर गेला.

दार लोटलेलं होतं. आत एक पुरुषी आवाज हळूहळू काहीतरी बोलत होता. तो थांबला की बरेच आवाज एकदम एक नाव घ्यायचे. "नमस्कार, रामभाऊ." मग शांतता. मग दुसरा आवाज, आणि पुन्हा सगळ्यांनी मिळून, "नमस्कार, सदाशिव." खिडक्या लावून घेतल्या होत्या. भर दुपारी आत अंधार होता आणि पहिलीच्या पोरांच्या बुटक्या बाकांवर मोठाली माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. मला वाटलं, शोकसभा आहे. आपल्याकडं अशा वेळी करतात तसं मी तोंड पाडून, हात जोडून मागच्या बाकावर टेकलो आणि शेजाऱ्याला हळूच विचारलं, "कोण गेलं?"

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अजून कोणी न्हाई," तो म्हणाला. "जल्दी आलात तुम्ही."

अशी ती दारू सोडू पाहणाऱ्यांची माझी पहिली सभा. उभं राहून आपलं पहिलं नाव सांगायचं, मी दारुडा आहे म्हणायचं आणि मग जे असेल ते. मला वाटायचं, हे वाक्य म्हणताना लाज वाटेल. लाज वाटली नाही, भीती वाटली. चाळीस जण एका सुरात माझं नाव घेत होते आणि ते नाव कुणा दुसऱ्याचं असल्यासारखं त्या अंधारातून परत येत होतं. नमस्कार, मनोहर. भिंतीवर कमळ-खटाऱ्याची चित्रं. फळ्यावर कालच्या तारखेखाली पटसंख्या आणि हजर संख्या लिहिलेली. दोन आकड्यांत तिघांचा फरक होता, आणि मी सभाभर तो फरक पाहत बसलो.

शेवटी सगळे उभे राहून मिनिटभर गप्प राहायचे. जे अजून बाहेर पीत आहेत त्यांच्यासाठी आणि ज्यांना ही खोली सापडायच्या आधीच वेळ संपली त्यांच्यासाठी. दुसऱ्या रविवारी त्या मिनिटात माझ्या शेजारचं बाक करकरलं. कुणी बसताना करकरतं तसं. मी डोळे उघडले नाहीत. तंबाखूचा आणि कच्च्या मोसंबीच्या सालीचा वास आला, जो एकाच माणसाच्या हातांना यायचा. मिनिट संपलं तेव्हा बाक रिकामं होतं. शेषरावला हे सांगितलं तर तो म्हणाला, "येतेत. पहिल्या साली समद्यांचेच येतेत. जागा द्यायची अन् आपण आपल्या जागी बसून राहायचं."

त्या खोलीचा एक नियम होता, इथलं इथंच. मी कोर्टाचा माणूस. नियम दिसला की मी त्याचा अर्थ लावत नाही, पालन करतो. मी तो गुप्ततेचा आदेश समजलो. कुसुमला सोडून कुणालाही सांगितलं नाही की मी सभेला जातो, आणि सोडली आहे हेही सांगितलं नाही. बरोबरीचे कारकून बोलवायचे तर पोटदुखीचं निमित्त सांगायचो. पुढं शेषरावला हे कळलं तेव्हा तो बसच्या पायरीवर बसून हसला होता. "अहो सायेब, ते दुसऱ्याचं बाहेर न सांगायचं! सोताचं सांगाया कोणी अडवलं?" पण हे पुढचं. तोपर्यंत माझ्या त्या समजुतीनं मला जिथं न्यायचं तिथं नेऊन सोडलं होतं.

सोडलेल्या माणसाला स्वप्नं पडतात. त्या खोलीतल्या प्रत्येकाला पडायची, हे मला नंतर कळलं. स्वप्नात आपण पितो, पोटभर पितो आणि जाग येते तेव्हा तोंडात चव असते. माझ्या स्वप्नात पाजणारा दिगंबर असायचा. एका सकाळी मी उठलो तर कुसुम उशाशी बसली होती. रोज सकाळी ती माझ्या तोंडाचा वास घ्यायची, डॉक्टर नाडी बघतात तितक्या कोरडेपणानं. त्या दिवशी वास घेतला आणि तिचा चेहरा बदलला.

"येतोय वास," ती म्हणाली. "खरं सांगा."

"कुसुम, मी घराबाहेर पाऊल टाकलं नाही."

"मंग हा वास कुठला?"

तिनं माळा पाहिला, धान्याचे डबे पाहिले, संडासाचं छप्परही पाहिलं. काही निघालं नाही. आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभे होतो आणि आता मलाही तो वास येत होता. मी प्यालो नव्हतो. पण कुणीतरी प्यालं होतं. त्या सकाळी माझा माझ्यावरचा भरवसा उडाला, तो यायला पुढं वर्षं लागली.

पितृपक्ष लागला आणि दिगंबरचा थोरला भाऊ विश्वनाथ कोर्टाच्या आवारात मला शोधत आला. त्यांच्या भावकीत गेलेल्या माणसाच्या तिथीला त्याच्या वयाचा, त्याच्या जवळचा एक माणूस पित्तर म्हणून जेवायला बसवतात. त्याचे पाय धुतात, गंध लावतात, टॉवेल-टोपी देतात. जेवण होईपर्यंत तो माणूस स्वतः नसतो. घरचे त्याला गेलेल्याच्या नावानं हाक मारतात, गेलेल्याशी बोलावं तसं बोलतात. त्याचं खरं नाव कुणी घ्यायचं नाही, त्यानंही नाही. पित्तर उठल्याशिवाय घरात कुणी घास घेत नाही, आणि पानावरचं त्यानं नाकारलं तर गेलेला उपाशी माघारी जातो.

"दशमीला तुम्हीच बसायचं दिगंबरच्या पानावर," विश्वनाथ म्हणाला. "पहिलं साल हाय. मायचं म्हणणं हाय, मनोहरच पाहिजे."

नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. कुसुमला सांगितलं तर ती म्हणाली, "जेवून या, पण आल्यावर मी वास घेणार." शेषरावला सांगायचं मनात होतं, पण दशमीच्या आधी सभा नव्हती.

दशमीला उन्हानं कहर केला होता. बसमधून उतरून वस्तीपर्यंत पायी गेलो. दोन्ही अंगांना बाजरी, कणसांत दाणे भरलेले, आणि एवढ्या पिकात राखणीला एकही माणूस नाही. दूरवर कुठंतरी गोफणीचा आवाज झाला, पण पाखरं उठली नाहीत. बागेत मोसंब्या हिरव्यागार लटकल्या होत्या. वस्तीसमोरच्या लिंबावर कावळे होते, वीस-पंचवीस तरी, आणि एकही ओरडत नव्हता. अंगणात पाऊल टाकलं तसं दिगंबरचं कुत्रं उठलं. ते परक्यावर धावून जायचं. माझ्याजवळ आलं, पाय हुंगले आणि शेपूट हलवत माझ्यापुढं चालू लागलं.

दारात गिरजामाय उभी होती, दिगंबरची आई. हातात पाण्याचा तांब्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मला आयुष्यात तिनं कधी 'या मनोहरराव' सोडून दुसरी हाक मारली नव्हती.

"आलास?" ती म्हणाली. "लई ऊन लागलं का रं?"

मी पाय पुढं केले. तिनं माझ्या पायांवर पाणी घातलं, पदरानं पुसले. विश्वनाथनं गंध लावलं, टोपी घातली. टोपी नवी होती तरी तिला त्याच्या डोक्याचं माप असावं तशी बसली. पाटावर बसवलं. समोर केळीच्या पानावर वडे, कढी, गवारीची भाजी, खीर, मुदीवर तूप. विस्तवावर घास-तुपाची आगारी टाकली, धूर झाला. घरची सगळी माणसं भिंतीला लागून बसली होती, पोरंसोरं भुकेजलेली, आणि सगळ्यांची नजर माझ्यावर. धुरातून मला वाटलं, ही माणसं माझ्याकडं पाहत नाहीत, माझ्या जागी आणखी कुणी बसलंय त्याच्याकडं पाहताहेत.

मग विश्वनाथनं आतून पितळी पेला आणला आणि पानाच्या उजव्या अंगाला ठेवला.

आत काय आहे हे विचारायची गरजच नव्हती. वासानं मला सांगितलं.

"त्याला आवडायची," विश्वनाथ जमिनीकडं पाहत म्हणाला. "जित्तेपणी लई बोललो त्याला. पहिलं साल हाय. उपाशी नको जायला."

त्यात काही वाईट नव्हतं. आवडायचं ते पानावर ठेवायचं, एवढंच तो माणूस करत होता, आणि मी सोडली आहे हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. ते मीच गुपित ठेवलं होतं. माझा उजवा हात पानावरून उठला आणि पेल्याभोवती गेला. मी त्याला सांगितलं नव्हतं. पितळ गार लागलं. प्यालो तर आजचा पंचविसावा दिवस गेला, आणि संध्याकाळी कुसुम वास घेईल तेव्हा घर गेलं. नाही प्यालो तर ज्या माणसाला मी मरताना बाटली नेऊन दिली त्याला मेल्यावर उपाशी परत पाठवलं, तेही त्याच्या आईच्या देखत. आणि आतून, अगदी आतून, पिण्याला इतकं पवित्र कारण कधी मिळालं नव्हतं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता.

पेला ओठांपर्यंत आला.

"घे ना रं," गिरजामाय म्हणाली. "काहून थांबलास?"

स्वतःचं नाव घ्यायला बंदी होती. मी मनोहर आहे, मी सोडलीय, असं म्हणायची सोयच नव्हती. मी तोंड उघडलं ते पिण्यासाठी की बोलण्यासाठी, मला माहीत नाही. शब्द आले ते त्या अंधाऱ्या खोलीतले.

"माझं नाव दिगंबर," मी म्हणालो. "मी दारुडा आहे."

विश्वनाथच्या बायकोनं पोराला कुशीत ओढलं. मी गिरजामायला नेहमी काकू म्हणत आलो होतो.

"माय," मी म्हणालो, "मी सोडली."

तो आवाज घोगरा होता, ओढून बोलल्यासारखा. माझा होता की नाही, हे मी आजही शपथेवर सांगू शकणार नाही. बाहेर लिंबावरचे कावळे एकदम उठले, पंखांचा फडफडाट झाला आणि ते घराच्या मागच्या अंगाला, काकबळीचं पान ठेवलं होतं तिकडं उतरले. विश्वनाथ दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला.

गिरजामाय रडली नाही. ती सरकत माझ्यासमोर आली आणि पानाच्या पलीकडं बसली.

"कवा सोडलीस?"

"पंचवीस दिवस झाले."

तिनं बोटांच्या पेरांवर मोजलं. "म्हंजे पोळ्याच्या करीपासून."

"हो."

तिनं माझ्या हातातला पेला काढून घेतला. बोटं सुटत नव्हती. तिनं एकेक करून सोडवली. उठली, अंगणात गेली, रिता करून आली. पेला विसळला आणि त्यात खीर वाढून पुन्हा पानाशी ठेवला. मग पुढं वाकून, तोंडाला तोंड लागेल इतक्या जवळून तिनं माझ्याकडं पाहिलं. त्या पांढुरक्या बुबुळांना कोण दिसत होतं, ते तिलाच ठाऊक. तिनं माझ्या गालावर हात ठेवला. हात तापासारखा गरम होता.

"बराबर केलंस," ती म्हणाली. "आता येक कर लेका. त्या मनोहरला बी सांग. त्याची माय न्हाई. त्याला कोण सांगल?"

"सांगतो, माय," मी म्हणालो.

रोज सकाळी तोंड धुतलं की आरशात पाहून सांगतो. अजून तरी तो ऐकतोय.